खोबणीच्या फुटलेल्या तळाला कवटीचं हाड: जमतं कुठे, फसतं कुठे

डोळ्याच्या खोबणीचा तळ मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. तो फुटून डोळ्यामागची चरबी खालच्या सायनसमध्ये (गालाच्या हाडातल्या पोकळीत) उतरली, की डोळा खोल जातो आणि एकाचे दोन दिसतात. तिथे बसवायच्या साहित्यात पेशंटचं स्वतःचं हाड अजूनही अव्वल आहे. शरीर ते परकं मानत नाही आणि खालून सायनस उघडा असला तरी ते सहसा टिकून राहतं.

हाड घ्यावं ते कवटीच्या पॅरायटल भागाच्या, म्हणजे डोक्याच्या वरच्या-बाजूच्या हाडाच्या, बाहेरच्या थरातून. कमरेचं मुबलक मिळतं, पण जास्त विरघळतं, शिवाय काही दिवस लंगडावं लागतं. कवटीवर मध्यरेषेपासून किमान २ सेंमी लांब राहायचं, खाली मोठी शीर आहे. बरने (हाड कोरणाऱ्या फिरत्या टोकाने) चौफेर चर पाडायचा. रक्ताचे ठिपके दिसले की मधला थर लागला, तिथेच थांबायचं. चराची बाहेरची कड उतरती करायची आणि वक्र ऑस्टिओटोम (हाडाची छिन्नी) कवटीला जवळजवळ समांतर चालवायचा. तो उभा धरला की आतला थर फुटतो.

खरी अडचण पुढे आहे. हे हाड वाकत नाही, वाकवलं तर तडकतं. खोबणीचा तळ डोळ्याच्या मागे वर चढत जातो. सपाट तुकडा नुसता पुढे ठेवला तर डोळा वर उचलला जातो, पण खोलच राहतो! मागची शाबूत कड सापडेपर्यंत जायचं आणि तुकड्याचं मागचं टोक तिच्यावरच टेकवायचं. दृष्टीची नस तिथून जवळ आहे, म्हणून हात जपून. पुढच्या बाजूला एक स्क्रू पुरतो. थोडं हाड विरघळणार हे धरून किंचित जास्त भरलेलं बरं.

बसवण्याआधी आणि नंतर चिमट्याने डोळा फिरवून पाहणं टाळूच नये. नंतर डोळा अडला तर स्नायू तुकड्याखाली चिमटलाय. लगेच काढून पुन्हा बसवायचं.

तळाबरोबर नाकाकडची आतली भिंतही गेली असेल तर आमचा कौल टायटॅनियम जाळीला. ती हवी तशी वळते आणि सीटी स्कॅनवर स्पष्ट दिसते.

ऑपरेशननंतर पहिली रात्र दृष्टी वारंवार तपासावी. डोळा ताठ होऊन दुखू लागला आणि दिसणं कमी झालं, तर मागे रक्त साचलंय. स्कॅनची वाट न पाहता टाके उघडायचे. आणि काही आठवडे नाक शिंकरायचं नाही.