इम्पॅक्ट ड्रिल: अडीच वर्षं वापर, दोन आर्मेचर आणि कंपनीने न दिलेलं झाकण

दिवाळीला आठ दिवस उरले होते. विजय नगरात एका काकूंकडे चार खिडक्यांचे पडदे बसवायचे होते. दोन झाल्या. तिसऱ्या खिडकीला घोडीवर उभी राहून भोक पाडत होते, तेवढ्यात मशीनच्या मागच्या जाळीतून ठिणग्यांचं कडं फिरताना दिसलं. करपलेल्या वार्निशचा वास आला, आवाज जड झाला आणि ड्रिल थांबलं. पुन्हा बटण दाबलं नाही. उरलेली भोकं खालच्या मजल्यावर काम करणाऱ्या सुताराचं मशीन मागून पाडली. घरी येईपर्यंत डोक्यात एकच होतं, की दुरुस्त करायचं का नवं घ्यायचं.

याला आता नऊ महिने झाले. त्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर निम्मं चुकीचं लिहिलं असतं, म्हणून आत्ता लिहितेय.

मशीन सगळ्यांच्या ओळखीचं आहे. 600 वॅट, 13 मिमीचा चक, हॅमर मोडवालं, घरोघरी दिसतं तेच. मी इंदूरला सुदामा नगरात घरीच पडदे शिवते आणि बसवायलाही स्वतःच जाते. आठवड्याला तीस-चाळीस भोकं होतात, दिवाळीत आणि लग्नसराईत दुप्पट. पहिली दोन वर्षं तक्रारीला जागाच नव्हती. पकड चांगली, वजन झेपेल इतकं, वेगाचं बटण बोटाच्या दाबाप्रमाणे नीट चालतं. वायर आखूड आहे, पण एक्स्टेंशनवर भागतं.

माझा राग आहे तो कार्बनवर. म्हणजे कार्बनपाशी जायला झाकणच दिलेलं नाही यावर.

मोटरच्या मागच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल असतो, कम्युटेटर. त्याच्या दोन बाजूंना कार्बनचे दोन ठोकळे स्प्रिंगने दाबून टेकवलेले असतात आणि त्यांच्यातून वीज आर्मेचरमध्ये, म्हणजे तारेचे वेढे गुंडाळलेल्या मोटरच्या फिरत्या गाभ्यात जाते. हे ठोकळे झिजण्यासाठीच असतात, पाटीवरच्या पेन्सिलीसारखे. जोडी शंभर-सव्वाशेला मिळते. काही मशीनना मागे दोन्ही अंगांना रुपयाच्या नाण्याएवढं आट्यांचं झाकण असतं. पेचकसाने फिरवलं की कार्बन हातात येतो, बघायचा, संपत आला असेल तर बदलायचा, पाच मिनिटांत काम पुन्हा सुरू. माझ्या मशीनला हे झाकण नाही. कार्बन नुसता बघायचा तरी सगळे स्क्रू काढून अख्खं मशीन दोन फाकांत उघडावं लागतं, आणि स्क्रू चांदणीसारख्या खाचेचे, घरातला पेचकस त्यांना लागतच नाही. मग उघडणार कोण? अडीच वर्षांत मी एकदाही उघडलं नाही. कार्बन संपत गेले, स्प्रिंगचा दाब कमी झाला, ठिणग्या वाढल्या, कम्युटेटर भाजला आणि त्या उष्णतेत आर्मेचरचं वाइंडिंग गेलं. सव्वाशे रुपयांच्या वस्तूपायी साडेअकराशेची वस्तू गेली. दोन प्लास्टिकची झाकणं द्यायला असा कितीसा खर्च आला असता?

दुसऱ्या दिवशी अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेले. तपासणीचे 200 रुपये आधी भरा, मशीन ठेवून जा. दोन दिवसांनी फोन आला, "मैडम, आर्मेचर और फील्ड दोनों जल गए।" फील्ड म्हणजे आर्मेचरच्या भोवतीच्या, न फिरणाऱ्या कॉइल. आर्मेचर 1150, फील्ड 650, कार्बन 120, मजुरी 300, वर 18 टक्के जीएसटी. एकूण 2,620 रुपये. तसंच नवं मशीन त्या आठवड्यात 3,750 ला मिळत होतं. काउंटरवरच्या मुलाने मला नवंच घ्यायचा सल्ला दिला.

मी म्हटलं, जळलेला फील्ड मला दाखवा. दाखवता येणार नाही, ग्राहकाला आत सोडत नाहीत. बरं, मग नुसतं आर्मेचर विकत द्या, मी बाहेरून बसवून घेते. सुटा पार्ट देत नाही. शेवटी मशीन परत मागितलं, तर ते आलं दोन स्क्रू गायब होऊन, हँडलजवळ फट पडलेली. ते दोन स्क्रू मिळेपर्यंत मी तिथून हलले नाही. पाऊण तास लागला. माझा आवाज चढला होता, पण माझ्या मशीनचे स्क्रू मी का सोडायचे?

रात्री बसून शोधलं, की दुरुस्तीबद्दल ग्राहकाला काही आधार आहे का. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू झालं. त्यासाठी निवडलेली क्षेत्रं चार: शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू, वाहनं. ड्रिल, ग्राइंडर, मार्बल कटर यांचं वेगळं नाव नाही, आणि यांच्यावर पोट असणारी माणसं तर गल्लोगल्ली आहेत. टाकून द्यायची वेळ आली की मात्र ड्रिलचं नाव येतं. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत ड्रिल आणि करवती यादीत आहेत. आपल्या इंदूरच्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा वेगळा खाना रोज सकाळी दारात येतोच. पण चक सरळ, बटण चालू, अंगावर चीर नाही, अशी वस्तू त्या खान्यात टाकायला माझा हात धजेना.

सासूबाईंनी आठवण करून दिली, की आपला मिक्सर सियागंजच्या मागच्या गल्लीत एका चाचांनी वाइंड करून दिला होता आणि तो अजून चालतोय. गेले. दुकान म्हणजे एक पलंग मावेल एवढी जागा, छतापासून जुनी आर्मेचरं काकड्यांसारखी लटकलेली. "बैठो बेटी," म्हणाले, आणि माझ्यासमोर मशीन उघडलं.

आतून चमचाभर भुकटी पडली, विटेची लाल आणि सिमेंटची राखाडी. चाचांनी आर्मेचर बोटांत फिरवून उजेडात धरलं. चांगल्या कम्युटेटरचा रंग चॉकलेटी असतो, गुळगुळीत आणि सगळीकडे सारखा. माझा काळा पडला होता आणि शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. एका कार्बनचं नखाएवढं थोटूक उरलेलं, दुसऱ्याचं तेवढंही नाही. मग मीटर घेऊन फील्डच्या दोन्ही कॉइल मोजल्या. आकडे सारखे. बॉडीला विजेची गळती नाही. "फील्ड में कुछ नहीं हुआ।" मी पुन्हा मोजायला लावलं. तेच. म्हणजे जीएसटी धरून 767 रुपये मी धडधाकट भागासाठी मोजणार होते.

मग त्यांनी जे केलं ते मला सर्वांत पटलं. खर्च सांगायच्या आधी बाकीचं मशीन तपासलं. गिअरचे दात एकेक करून बघितले, वंगण वाळलं होतं पण दात शाबूत. चकमध्ये 6 मिमीचा बिट लावून हाताने फिरवला, टोक डगमगत नव्हतं. स्विच ठीक. मागचं 607 बेअरिंग खरखरत होतं, ते सत्तर रुपयांचं. म्हणाले, गिअर आणि चकही गेले असते तर मी तुला परत पाठवलं असतं. खर्च नव्या किमतीच्या निम्म्यावर गेला की नवं घ्या, असं सगळे सांगतात. मीही तेच धरून चालले होते. पण त्या हिशोबात मशीनमध्ये शिल्लक काय राहिलंय हे कुठे येतच नाही.

यापुढची चूक माझी. कंपनीचं आर्मेचर 1150, लोकल 520. चाचांनी स्पष्ट सांगितलं, "लोकल चलेगा, पर आपके काम में कितने दिन, बोल नहीं सकता।" मी लोकल घेतलं. आर्मेचर, कार्बन 110, बेअरिंग 70, मजुरी 250, एकूण 950 रुपये. घरी येऊन यांना सांगितलं, बघा, 2,620 चं काम साडेनऊशेत झालं.

पाच आठवडे. तेवढ्यातच हँडल हाताला चटका देण्याइतकं तापायला लागलं आणि तोच वास परत आला. पुन्हा सियागंज. चाचांनी ब्लेडने तारेवरचं वार्निश खरवडून दाखवलं. आतून तार चांदीसारखी चमकली, ॲल्युमिनियम. त्याची वीज वाहून नेण्याची ताकद तांब्याच्या साधारण साठ टक्के, आणि खाचेत जागा तर तेवढीच. मग तीच वीज जास्त उष्णता करणार. जुनं जळकं आर्मेचर मी घरी जपून ठेवलं होतं, ते खरवडलं तर लालसर तांबं. घेतानाच हे बघायचं असतं, दुकानदाराला विचारून एका कोपऱ्यात.

या खेपेला महाराणी रोडवरच्या डीलरकडून कंपनीचं आर्मेचर स्वतः आणलं, 1150 ला. सर्व्हिस सेंटर जो सुटा पार्ट देत नव्हतं तोच इथे सीलबंद डब्यात मिळाला. कार्बनही पुन्हा नवे घेतले, कारण जुने आधीच्या कम्युटेटरच्या गोलाईला घासून बसलेले असतात, ते नव्यावर नीट टेकत नाहीत. मजुरी 150. हा खर्च 1,410, आधीचे 950, तपासणीचे 200. एकूण 2,560 रुपये, म्हणजे सेंटरच्या कोटेशनपेक्षा 60 रुपये कमी. पहिल्याच दिवशी चाचांचं ऐकलं असतं तर तपासणीचे 200 धरूनही 1,780 मध्ये झालं असतं. दुरुस्तीचा निर्णय बरोबर होता, त्यातली काटकसर चुकली.

तिथेच चाचांनी विचारलं, भोकं कुठे पाडतेस? मी म्हटलं, खिडकीच्या वर. "वहाँ तो बीम है।"

हे मला इतकी वर्षं कळायला हवं होतं. पडद्याचा ब्रॅकेट खिडकीच्या वर लागतो, आणि खिडकीच्या वर विटा नसतात, लिंटल असतं, सळईचं काँक्रीट. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवर घासत फिरतात, त्यातून मिनिटाला 48 हजारांपर्यंत ठोके पडतात, पण ठोका अगदी हलका, तुम्ही जेवढं दाबाल तेवढाच. रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबाने दट्ट्या आपटतो. ठोके चार-पाच हजारच, पण प्रत्येक ठोका काँक्रीट फोडतो. मी काय करत होते? बिट पुढे सरकत नाही म्हणून सगळं अंग मशीनवर टाकत होते. दाबलं की मोटरचा वेग उतरतो. मोटरला थंड ठेवणारा पंखा आर्मेचरच्याच दांड्यावर असतो, त्यामुळे वेग उतरला की हवाही कमी होते, आणि वीज मात्र जास्त ओढली जाते. शिवाय हात वर करून काम, सगळी भुकटी जाळीतून आत. कार्बनचं झाकण असतं तरी हे मशीन मी तापवलंच असतं, फक्त जरा उशिरा. झाकणाबद्दलचा राग अजून आहे, पण सगळा दोष त्याच्या माथी मारत होते, तो आता निम्मा करते.

डिसेंबरपासून पद्धत बदलली. छत उंच असेल तर ब्रॅकेट खिडकीच्या कडेपासून आठ-नऊ इंच वर घेते. लिंटल बहुतेक घरांत सहा इंचांचं असतं, त्याच्या वर वीट लागते, 6 मिमीचं भोक काही सेकंदांत होतं आणि गिट्टी, म्हणजे स्क्रूसाठी भोकात ठोकायचा प्लास्टिकचा प्लग, घट्ट बसते. पडदाही उंच दिसतो, गिऱ्हाइकांना ते आवडतं. जिथे वर जागाच नाही तिथे दिवसाला 200 रुपये भाड्याने हॅमर आणते आणि ते बिलात आधी सांगते. नवं मशीन घेण्यासाठी काढून ठेवलेले पैसे हॅमरसाठी बाजूला ठेवले आहेत. तेव्हाच नवं ड्रिल घेऊन बसले असते तर तेही याच लिंटलवर जाळलं असतं.

आता ज्यांचं मशीन आजच बंद पडलंय त्यांना: आधी कार्बन बघा. बऱ्याचदा मशीन मेलेलं नसतं, कार्बन संपलेले असतात किंवा वायर हँडलच्या तोंडाशी आतून तुटलेली असते. कार्बन बदलल्यावर दहा मिनिटं रिकामं फिरवा, म्हणजे ते गोलाईला बसतात. बारीक निळसर ठिणग्या चालतात, कम्युटेटरभोवती पूर्ण कडं दिसलं तर लगेच बंद करा. आर्मेचर गेलं असेल तर तुमच्यासमोर उघडून मीटर लावणारा माणूस शोधा. तो समोर उघडत नसेल तर काम देऊ नका, मग दुकानावर पाटी कुणाचीही असो.

हेच मशीन पुन्हा घेईन का, असं दोघींनी विचारलं. नाही. पुढचं घेताना आधी मशीन उलटं करून दोन्ही अंगांना झाकण आहे का ते बघेन, वॅट नंतर. पण हे मी टाकणार नाही. साडेसात महिने झाले, दिवसाला पंधरा-वीस भोकं सलग पाडली तरी हँडल कोमटच राहतं.

चांदणी खाचेचा पेचकस 180 रुपयांना घेतला. दर दोन महिन्यांनी रविवारी जेवणं झाली की ओट्यावर जुना पेपर पसरून मशीन उघडते, ब्रशने भुकटी झाडते आणि लेकाच्या पट्टीने कार्बन मोजते. हँडलवर पांढरी चिकटपट्टी लावली आहे, त्यावर तारीख आणि माप लिहिते. डिसेंबरला नवे होते तेव्हा 14 मिमी. एप्रिलला 12. परवाच्या रविवारी साडेदहा. चाचांनी सांगितलंय, पाचवर आले की बदल.