बारा पौंड किमतीचा वजनकाटा आणि माझा १८१९ चा क्राउन

दिवसभर फार्मसीत मोजमापच करते, त्यामुळे घरी आणखी एक काटा कशाला, असं नवऱ्याचं म्हणणं. पण बर्मिंगहॅमला आल्यापासून रविवारच्या बाजारात जुनी नाणी उचलायचा नाद लागलाय. शेवटी बारा पौंडांचा हा खिशात मावणारा डिजिटल काटा मागवला. २०० ग्रॅमपर्यंत मोजतो आणि ०.०१ ग्रॅमचा फरक दाखवतो. दीड वर्ष वापरलाय.

काटा खरा बोलतो का, हे आधी पाहिलं. त्यासाठी वेगळी वजनं विकत घ्यायला नकोत. हल्लीचं दोन पौंडांचं नाणं १२ ग्रॅमचं, पन्नास पेन्सचं ८ चं. माझ्या काट्यावर ११.९९ आणि ८.०० आले. बारा पौंडांत आणखी काय हवं! फक्त थंडगार गाडीतून घरात आणल्या आणल्या वापरू नका, आकडा डळमळतो.

जुन्या ब्रिटिश चांदीच्या नाण्यांची वजनं पाठच करून टाकावीत: शिलिंग ५.६६ ग्रॅम, हाफ क्राउन (अडीच शिलिंग) १४.१४, क्राउन (पाच शिलिंग) २८.२८. गंमत अशी की १९२० साली नाण्यांतली चांदी ९२.५ टक्क्यांवरून ५० वर आणली आणि १९४७ ला ती पार गेली, तरी शिलिंगचं वजन तेच राहिलं. तेव्हा वजन जुळलं म्हणजे धातूही जुळला, असं समजू नये. मी समजले होते.

एका स्टॉलवर तिसऱ्या जॉर्जचा १८१९ चा क्राउन मिळाला, मागे पिस्त्रुची या नक्षीकाराचा सेंट जॉर्ज आणि ड्रॅगन. वजन भरलं २७.९१. दोनशे वर्षांत एवढी झीज व्हायचीच, म्हणून खूश झाले. मग सहज पाण्याची परीक्षा घेतली. प्लास्टिकच्या हलक्या कपात पाणी घेऊन कप काट्यावर ठेवायचा (काचेचा पेला नको, २०० ग्रॅमची मर्यादा तिथेच संपते), आकडा शून्यावर आणायचा आणि नाणं शिवणाच्या दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचं, तळाला न टेकवता. जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागायचं. उत्तर म्हणजे धातूची घनता; ती १०.३ च्या आसपास आली तर स्टर्लिंग, म्हणजे ९२.५ टक्के चांदी. माझ्या क्राउनने ३.१४ दाखवले, म्हणजे भागाकार ८.८९. बुडबुडे चिकटले असतील म्हणून पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकला, पुन्हा तेच. घरातला व्हिक्टोरियाचा क्राउन बुडवला, तो १०.३१ वर आला. मग भिंगाखाली कड पाहिली. तिथली अक्षरं उठावदार आणि रेखीव हवीत. माझ्या नाण्यावर ती मेणासारखी वितळलेली होती आणि मधून ओतकामाची बारीक रेघ गेलेली, म्हणजे साच्यात ओतलेलं नकली नाणं. जाडीही जास्त होती, हे मग लक्षात आलं. पुढच्या रविवारी तो स्टॉल अर्थातच नव्हता.

मुलामा दिलेलं नाणं मात्र काटा झटक्यात पकडतो. १८८७ च्या, मागे ढाल असलेल्या चांदीच्या सिक्सपेन्सवर किंमतच लिहिलेली नव्हती आणि ते दिसायचं थेट अर्ध्या सॉव्हरिन या सोन्याच्या नाण्यासारखं. लोक त्याला सोन्याचा मुलामा देऊन खपवायला लागले, तेव्हा त्याच वर्षी ते नक्षीकाम बंद करावं लागलं. असं एक पिवळं सिक्सपेन्स मला एका ट्रेमध्ये सापडलं. अर्धं सॉव्हरिन ३.९९ ग्रॅमचं असतं, हे २.८० भरलं. मुद्दाम घेतलं, आवडतं मला ते.

नाण्याची अवस्था कशी आहे, याबद्दल काटा चकार शब्द काढत नाही. त्याचा दोष नाही म्हणा. १९०२ चा एक हाफ क्राउन १४.०८ भरला आणि पाण्यातही पास झाला, पण कुणीतरी तो चांदीच्या पॉलिशने भांड्यासारखा घासलेला. दिव्याखाली फिरवला की सगळीकडे केसासारखे ओरखडे दिसतात. संग्राहक त्याला हात लावत नाहीत. आणि इथे अवस्थेची प्रत म्हणून ‘फाइन’ लिहिलेलं नाणं झकास असतं असं समजू नका, ते चांगलंच झिजलेलं असतं. त्याच्या वर ‘व्हेरी फाइन’, मग ‘एक्स्ट्रीमली फाइन’. ते ओळखायला दहापट भिंग लागतं, ते वेगळं घ्या.

तक्रार एकच. तीस सेकंदांत काटा आपोआप बंद पडतो. एका हातात दोरा, दोऱ्याला नाणं, नाणं पाण्यात स्थिरावतंय, आणि पडदा काळा. पुन्हा शून्यापासून सुरुवात. पाचपैकी चार तारे.