बोटीनं पोचायच्या गावात उन्हाळी प्रदर्शन: शाळा, देऊळ की वाडा?

शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठावर, बामणोली-तापोळ्याच्या पलीकडे, आजही बोटीवर अवलंबून असलेली गावं आहेत. मे महिन्यात मुंबईकर मंडळी गावी येतात. घरातल्या जुन्या वस्तू, धरणाआधीचे फोटो आणि पोरांनी काढलेली चित्रं मांडायला याहून चांगला महिना नाही. बैठकीत पहिला प्रश्न जागेचा निघतो, 'गर्दी कुठं जमते' यावर सुटतो आणि देऊळ ठरतं. आमच्या मते आधी वस्तूंची यादी करावी आणि मग जागा ठरवावी, कारण नांगराला जी जागा चालते ती मोडी कागदाला चालत नाही.

याचं मुख्य कारण उजेड. कागद, फोटो, जलरंगातली चित्रं आणि जुनी लुगडी यांना संग्रहालयात साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप) उजेड देतात. तैलचित्राला २०० पर्यंत चालतो. दगड, लोखंड, तांबं यांना उजेडाचा त्रास नाही. भर दुपारचं थेट ऊन मात्र १ लाख लक्सच्या घरात असतं आणि उजेडानं होणारं नुकसान साठत जातं. त्या उन्हात एक तास पडलेला फोटो ५० लक्सखाली २,००० तास ठेवल्याइतका उजेड खातो. रोज दहा तास धरले तर दोनशे दिवस झाले. फोनमधलं उजेड मोजायचं ॲप ढोबळ असलं तरी एवढ्या फरकाला पुरतं.

कागद, फोटो आणि चित्रं जास्त असतील तर जिल्हा परिषदेच्या शाळेचा वर्ग घ्यावा. मे महिन्यात सुट्टी असते, दाराला कुलूप लागतं, खिडक्यांना गज असतात. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे महिनाभर आधी लेखी अर्ज द्या, कारण सुट्टी लागली की शिक्षक आपापल्या गावी जातात आणि किल्ली कुणाकडे हेच कळत नाही. सहा मीटर लांबीच्या भिंतीवर ४५ सेंमी रुंदीच्या, मध्ये ३० सेंमी जागा सोडून, आठ फ्रेमा बसतात. दारं-खिडक्या वजा जाता एका वर्गात वीसेक धरा. त्याहून जास्त लावल्या की माणूस थांबत नाही, नुसता पुढं सरकतो. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर असावा, मुलांची चित्रं थोडी खाली. शाळेच्या भिंतीत खिळे ठोकू नका. खिडकीच्या गजांना आडवा बांबू बांधून त्यावरून तार सोडली की काम होतं. दोन बाकं जोडून वर मांजरपाट टाकलं की वस्तूंसाठी ओटा तयार.

शाळेचा दोष म्हणजे पत्रा. दुपारी बारा ते चार वर्ग भट्टीसारखा तापतो, फोटो वळतात, माणसंही थांबत नाहीत. म्हणून सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ एवढंच उघडा. पश्चिमेच्या खिडकीला जाड घोंगडी लावा, समोरची खिडकी वाऱ्याला उघडी ठेवा. आत हॅलोजन नको, साधे एलईडी दिवे पुरतात.

अस्सल फोटो मागण्यापेक्षा ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून मॅट कागदावर प्रत काढावी आणि मूळ फोटो त्याच दिवशी घरी परत द्यावा. जुना फोटो दमटपणानं काचेला चिकटलेला असेल तर ओढून काढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. मोडी कागदांना लॅमिनेशन कधीच करू नये, ते परत निघत नाही. चिकटपट्टीही नको, तिचा डाग कागदात मुरतो.

देवळाचा सभामंडप वेगळ्या वस्तूंसाठी उत्तम आहे. पाभर, कुळव, जातं, उखळ-मुसळ, कणगी, इरलं, शेर-पायलीची मापं इथं शोभतात आणि ओळखणारी म्हातारी माणसंही इथंच बसलेली असतात. वस्तूशेजारी लावलेल्या चिठ्ठीपेक्षा त्यांचं सांगणं मोलाचं, तेव्हा एखाद्या मुलाला वही घेऊन त्यांच्याजवळ बसवा. अडचणी मात्र ठरलेल्या आहेत. सभामंडप बहुधा तीन बाजूंनी उघडा असतो आणि वळीव चार-पाच वाजता वारा घेऊनच येतो, त्यामुळे उभी केलेली प्रत्येक वस्तू खांबाला बांधलेली हवी. रात्री कुलूप नाही, म्हणजे आळीपाळीनं दोघांनी झोपायला हवं. चामड्याची मोट, वहाणा, डफ आत चालतील का हे गुरवांना आणि देवस्थानच्या पंचांना आधी विचारा, मांडल्यावर नको. जत्रेच्याच दिवशी प्रदर्शन ठेवू नका. लोक पालखीसाठी आलेले असतात, कुणाचं लक्ष लागत नाही. आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवलं तर तीच माणसं निवांत बघतात.

जुना वाडा सगळ्यांच्या मनात असतो आणि तो दिसतोही सुंदर. पण तीन गोष्टी जुळल्याशिवाय तिकडे जाऊ नये. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, ज्यांची नावं आहेत त्या सगळ्या भावकीची लेखी संमती हवी. एकाचा होकार पुरत नाही, मांडामांड झाल्यावर दुसरा मुंबईहून फोन करतो. दुसरं, भिंती तपासून घ्या. हा कोयनेचा भाग आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानं इथली दगडमातीची घरं हलवली, आणि भिंतीला पोट सुटलं असेल किंवा कोपऱ्यात उभी भेग असेल तर तिथं माणसं जमवणं धोक्याचं. माडी सुरुवातीपासूनच बंद ठेवा, जुन्या तुळया घरच्यांचं वजन पेलतात, गर्दीचं नाही. तिसरं, वाळवी. मातीच्या भिंतीला काहीही टेकवू नका, अर्धा फूट अंतर ठेवा. शेणामातीच्या गिलाव्यात खिळा धरत नाही, तेव्हा फ्रेमा तुळईवरून तारेनं सोडाव्यात. कडीपाटातून माती गळते, वर मांजरपाटाचं छत ताणावं लागतं. हे सगळं करायची तयारी असेल तर माजघर भांड्याकुंड्यांना फार चांगलं आहे.

भाड्याचा मांडव बोटीनं आणायचा विचार सोडून द्या. खर्च जास्त आणि पहिल्या वळवात कापड फाटतं.

भांड्यांबद्दल एक कळकळीचं सांगणं. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर कुणी कुणाला, कोणत्या लग्नात दिलं ते कोरलेलं असतं. प्रदर्शनाच्या आनंदात लोक ती चिंच-राखेनं घासून लखलखीत करतात आणि दर घासणीला अक्षरं बुजतात. कोरड्या सुती फडक्यानं पुसून मांडा. काळपट हंड्यावरचं वाचता येणारं नाव चकाकीपेक्षा लाखमोलाचं आहे. देवघरातले टाक मात्र मागू नयेत, घरच्यांना संकोच होतो आणि चांदीची जोखीमही नको.

वाहतुकीनं निर्णय बदलू शकतो. मेमध्ये पाणी खाली गेलेलं असतं, बोट नेहमीच्या जागी लागत नाही आणि मधला गाळाचा पट्टा सामान डोक्यावर घेऊन ओलांडावा लागतो. म्हणून जड वस्तू वरच्या आळीत न नेता धक्क्याजवळच्या इमारतीत मांडाव्यात, मग ती शाळा असो की देऊळ. टेम्पो तराफ्यावरून नेणार असाल तर चालकाशी आदल्या दिवशी बोला. काचेच्या फ्रेमा आडव्या रचू नका, उभ्या, मध्ये गोधडी घालून ठेवा. काचेऐवजी दोन मिलिमीटर ॲक्रिलिक वापरलं तर फुटायची भीती बरीच कमी. सकाळी पाणी शांत असतं, दुपारनंतर वारा उठतो.

ठरवताना आमचा कल असा: यादीत निम्म्याहून जास्त कागद-फोटो-चित्रं असतील तर फक्त शाळा. अवजारं जास्त असतील तर देऊळ, आणि फोटोंच्या प्रतीच तिथं लावाव्यात. दोन्ही भरपूर असेल आणि माणसं पुरत असतील तर दोन्हीकडे. वाडा दुसऱ्या वर्षासाठी ठेवावा, तोवर संमती आणि डागडुजी होते.

जागा कोणतीही असो, वस्तू घेताना पावतीपुस्तक ठेवा. क्रमांक, तीन बाजूंनी फोटो, आधीची चीर किंवा पोचा, देणाऱ्याची सही, परतीची तारीख. क्रमांकाची चिठ्ठी दोऱ्यानं बांधा, चिकटवू नका. परतीची तारीख मे संपायच्या आतली ठेवा. जूनमध्ये पाऊस लागला की दमट हवेत कागदाला बुरशी धरते, मुंबईकर परत गेलेले असतात आणि सही घ्यायला घरात कुणी सापडत नाही.