पॅरालिसिसनंतरची न्यूरो फिजिओथेरपी, पुण्यात नळ स्टॉपजवळचं सेंटर (बाबांसाठी लावलंय)

फी कमी नाहीये आणि रविवारी बंद असतं, तरी घरात कुणाला स्ट्रोक झाला असेल, डिस्चार्ज मिळालाय आणि आता पुढे काय असं झालं असेल तर इथे नक्की जाऊन या.

बाबांच्या मेंदूत डाव्या बाजूला गुठळी अडकली, उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही, म्हणजे समजतं सगळं पण शब्द बाहेर येत नाही. घरी येणारा प्रत्येक जण काहीतरी सुचवतो, कुणी तेलाची मालिश तर कुणी थेट कबुतराचं रक्त! इथल्या मॅडमनी व्यायामाला हात लावायच्या आधी एमआरआयच्या फिल्म उजेडात धरून आम्हाला सगळं नीट सांगितलं. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के पण ऑक्सिजन २० टक्के वापरतो आणि साठा काहीच नसतो, त्यामुळे रक्त थांबलं की मधल्या भागातल्या पेशी काही मिनिटांत मरतात, पण कडेचा भाग शेजारच्या बारीक नसांतून मिळेल तेवढ्या रक्तावर काही तास तग धरतो, त्याला पेनम्ब्रा म्हणतात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देतात ते हाच भाग वाचवायला. उशीर झाला की मरणाऱ्या पेशींतून ग्लुटामेट नावाचं रसायन सुटतं, त्याने आजूबाजूच्या पेशींत कॅल्शियम घुसतं आणि त्याही जातात. मोठी नस बंद असेल तर मिनिटाला अंदाजे १९ लाख न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, जातात, हे ऐकून आई गप्पच झाली.

जे मेलं ते परत येत नाही हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. सुधारणा होते ती सूज उतरल्यामुळे आणि उरलेला मेंदू नवीन जोडण्या करून काम उचलतो त्यामुळे, आणि त्यासाठी तीच हालचाल परत परत करावी लागते, पहिल्या तीन महिन्यांत वेग सगळ्यात जास्त. हात आखडतो तो मेंदूचा स्नायूंवरचा ताबा सुटल्यामुळे, म्हणून बोटं झटक्यात उघडायची नाहीत, सावकाश ताण द्यायचा. खांदा धरून ठेवणारे स्नायू ढिले पडलेले असतात, तेव्हा लुळ्या हाताला धरून पेशंटला ओढायचं नाही, सांधा निसटतो. हे बाबांना सांभाळायला ब्युरोकडून ठेवलेल्या मामांना मॅडमनी स्वतः करून दाखवलं, त्यांच्याकडून करूनही घेतलं आणि मला वाटतं इथली खरी किंमत याचीच आहे, कारण चोवीस तास पेशंटसोबत तेच असतात!!

बोलण्याचं पण सांगते. बाबांना पाणी हा शब्द जमत नव्हता पण स्पीच थेरपिस्टने आरती सुरू केल्यावर पुढच्या ओळी त्यांनी म्हटल्या, आम्ही सगळे बघतच राहिलो. चालीवर म्हणताना उजवा मेंदूही मदतीला येतो म्हणे, म्हणून आता घरी जेवायला या, चहा द्या असं सगळं चालीवर म्हणून घेतो.

लिफ्ट छोटी आहे, व्हीलचेअर जेमतेम मावते. संध्याकाळी गर्दी असते, एका थेरपिस्टकडे दोन-तीन पेशंट होतात, त्यामुळे सकाळचा स्लॉट मागा. स्पीच थेरपिस्ट रोज नसतात, फोन करून दिवस विचारून घ्या आणि जाताना डिस्चार्ज समरी, एमआरआयच्या फिल्म दोन्ही न्या, नुसत्या रिपोर्टवर मॅडम सुरुवात करत नाहीत.