जुन्या मुठीतला नवा गुच्छ: दाढीच्या ब्रशच्या दुरुस्तीत झालेली फसवणूक

दाढीच्या जुन्या ब्रशचे झिजलेले केस काढून त्याच मुठीत नवा गुच्छ बसवून देणारे कारागीर आता ऑनलाइन सहज सापडतात, आणि त्यांच्यातले बरेच जण प्रामाणिक व कसबी आहेत, हे मी सुरुवातीलाच नोंदवतो. माझी फसवणूक ज्याने केली त्याची पद्धत मात्र इतकी सोपी आणि इतकी झाकलेली होती, की ती तपशीलवार लिहिणे मला आवश्यक वाटते. या कामात गुच्छ एकदा मुठीत चिकटला की केस कोणते, भोक किती खोल, चिकटवायला काय वापरले, जुने अवशेष निघाले की नाही, यांपैकी काहीच बाहेरून दिसत नाही. म्हणजे गिऱ्हाईक ज्यासाठी पैसे मोजते तेच नेमके डोळ्यांआड जाते.

ब्रश माझ्या मामांचा होता. मूठ कॅटालिनची होती. कॅटालिन म्हणजे साच्यात ओतून घडवलेले फिनॉलिक रेझिन, एक प्रकारचे जुने प्लास्टिक. 1930 आणि 1940च्या दशकांत ब्रशच्या मुठींसाठी ते भरपूर वापरले जाई. या रेझिनचा पृष्ठभाग हवा आणि उजेड लागून वर्षानुवर्षे पिवळसर होत जातो, आणि आज जो मधासारखा रंग लोकांना आवडतो तो पुष्कळदा मूळचा नसून काळाने चढवलेला असतो. हा थर फार पातळ असल्यामुळे मूठ जोरात घासली की तो निघून जातो. मामांच्या मुठीवर तळाजवळ ‘स्टरिलाइज्ड’ (निर्जंतुक केलेले) असे कोरलेले होते आणि त्या अक्षरांत रंग भरलेला होता. म्हणून मी कारागिराला स्पष्ट लिहिले होते, की मूठ फक्त पुसायची, पॉलिश करायची नाही. जुने केस आणि ते ज्यात रोवलेले असतात तो ठोकळा पूर्ण काढायचा. आणि 24 मिलिमीटर व्यासाचा ‘सिल्व्हरटिप’ प्रतीचा, बॅजर या प्राण्याच्या केसांचा गुच्छ असा बसवायचा, की केस मुठीच्या काठापासून 50 मिलिमीटर वर राहतील. त्याने सगळे मान्य केले, काम चालू असतानाची छायाचित्रेही पाठवली, आणि ब्रश घरी आला तेव्हा तो दिसायला देखणा होता.

पहिली शंका पाणी लागताच आली. बॅजरच्या नव्या केसांना पहिले काही वेळा ओल्या जनावराचा वास येतो आणि ते पाणी धरून ठेवतात, त्यामुळे झटकल्यावरही गुच्छ जड लागतो. माझ्या ब्रशला कसलाच वास नव्हता, आणि एका झटक्यात त्यातले जवळजवळ सगळे पाणी उडून गेले. विचारल्यावर उत्तर मिळाले, की उंची प्रतीच्या केसांना वास नसतोच आणि ब्रश ‘मुरायला’ वेळ द्यावा लागतो. हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते फसवे आहे. डुकराच्या केसांचा ब्रश खरोखरच वापराने मुरतो. त्याची टोके फाटून मऊ होतात. कृत्रिम तंतू मात्र मुरून बॅजर होत नाहीत.

त्यानंतर मी भिंग घेऊन बसलो. बॅजरच्या केसावर फिकट टोक, मधे गडद पट्टा आणि खाली पुन्हा फिकट भाग असतो. पण हा पट्टा नैसर्गिक असल्यामुळे प्रत्येक केसावर तो थोडा वरखाली सुरू होतो आणि त्याची कड धूसर असते. शिवाय केस मधे जाड आणि दोन्ही टोकांकडे निमुळता होत जातो. माझ्या गुच्छातला पट्टा सगळ्या तंतूंवर एकाच उंचीवर, रंगाच्या भांड्यात बुडवून काढल्यासारखा होता, आणि तंतूची जाडी टोकाचा भाग सोडला तर सगळीकडे सारखी होती. शेवटी गळून पडलेला एक तंतू चिमट्यात धरून जाळला. जनावराचा केस जळताना आक्रसतो, केस जळल्याचा ओळखीचा वास येतो आणि मागे राहणारी राख बोटांत चुरडली जाते. हा तंतू वितळला, त्याच्या टोकाला काळा, कडक मणी तयार झाला, आणि तो नखाने दाबूनही फुटला नाही. ही परीक्षा कोणालाही घरी करता येते, मात्र ती बशीवर, पाणी जवळ ठेवून आणि मुठीपासून दूर करावी, कारण काही जुन्या मुठी सेल्युलॉइडच्या असतात आणि सेल्युलॉइड झटकन पेट घेते.

सिंथेटिक गुच्छ वाईट असतो, असे मी म्हणत नाही. आजचे चांगले सिंथेटिक गुच्छ मऊ असतात, लवकर वाळतात आणि कमी साबणात भरपूर फेस देतात. अनेक जण ते आवडीने निवडतात. माझी तक्रार एवढीच आहे, की ते बॅजर म्हणून विकले गेले. प्रतींच्या नावांचाही असा गैरफायदा घेतला जातो. ‘प्युअर’, ‘बेस्ट’, ‘सुपर’, ‘सिल्व्हरटिप’ ही नावे सर्वांना बंधनकारक असलेल्या कोणत्याही एका प्रमाणावर आधारलेली नाहीत. प्रत्येक विक्रेता ती आपल्या मताने लावतो. त्यामुळे नाव मान्य करून घेणे पुरेसे नाही. केस कोणत्या प्राण्याचे, हे शब्दांत लिहून घ्यावे लागते.

काही आठवड्यांनी गुच्छ हलू लागला. नव्या ब्रशचे सुरुवातीला काही केस गळतात, हे खरे आहे. पण सुटे केस गळणे वेगळे आणि सगळा गुच्छ मुठीत डुगडुगणे वेगळे. एके सकाळी गरम पाण्यात भिजवल्यावर तो पिळताना बाजूला झुकला, आणि हलकेच ओढताच अख्खा बाहेर आला. भोकाच्या तळाशी जुना ठोकळा तसाच होता. जुने केस काठाच्या जरा खाली कापून टाकले होते, आणि त्यांचे तपकिरी, कुजकट खुंट एकमेकांना चिकटलेल्या अवस्थेत आत उभे होते. त्यांच्यावर कापसाचा बोळा, त्यावर ग्लू गनचा पांढरट गोंद आणि कडेने पुट्टीची रेघ, एवढ्यावर नवा गुच्छ उभा केलेला होता. ग्लू गनचा गोंद उष्णतेने वितळवूनच लावायचा असतो, त्यामुळे रोज गरम पाण्यात भिजणाऱ्या वस्तूत त्याचा भरवसा धरता येत नाही. इथे दोन नळ्यांतले घटक मिसळून घट्ट होणारा एपॉक्सी गोंद लागतो आणि तो पूर्ण घट्ट होईपर्यंत सुमारे एक दिवस ब्रश हलवायचाही नसतो. भोक उथळ राहिल्यामुळे केस 50 ऐवजी जवळजवळ 60 मिलिमीटर वर आले होते. गुच्छ गालावर लोळत का होता आणि साबणात नीट जोर का धरत नव्हता, याचा उलगडा तेव्हा झाला.

फसवणूक नेमकी याच टप्प्यावर का होते, हे काम पाहिले की कळते. जुना गुच्छ ज्या रेझिनमध्ये किंवा कडक झालेल्या रबरात बसवलेला असतो ते सहज निघत नाही. आधी केस कापावे लागतात, मग ड्रिलच्या लहान बिटने मधोमध भोक पाडून क्रमाक्रमाने मोठे बिट वापरावे लागतात, आणि शेवटी भिंतीला चिकटलेले अवशेष हळूहळू घासून काढावे लागतात. कॅटालिन ठिसूळ असते, भिंत पातळ झाली की तडकते, ड्रिल फार तापले तरी धोका असतो, आणि धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावावा लागतो. नव्या गुच्छाला हातही लागण्याआधी खरी मेहनत इथेच संपलेली असते. जो माणूस ही मेहनत टाळतो त्याचा सगळा वेळ वाचतो, आणि वरून ते कोणालाही दिसत नाही.

जुने केस आत राहणे ही केवळ आळसाची गोष्ट नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत दाढीच्या ब्रशमुळे अँथ्रॅक्स, म्हणजे जनावरांपासून माणसाला होणारा जीवघेणा जंतुरोग, झाल्याची प्रकरणे घडली. बॅजरचा भास व्हावा म्हणून रंगवलेले घोड्याचे केस नीट निर्जंतुक न करताच ब्रशमध्ये भरले गेले होते. ब्रिटनने 1920 मध्ये जपानी ब्रशच्या आयातीवर बंदी घातली, आणि निर्जंतुक केल्याचा शिक्का मुठीवर दिसू लागला तो याच भीतीतून. आज जुन्या ब्रशमधून असा धोका असण्याची शक्यता फारच कमी मानली जाते. तरी दशकानुदशके ओलावा आणि साबण पिऊन कुजलेले खुंट चेहऱ्याला लागणाऱ्या वस्तूत मुद्दाम ठेवणे मला अक्षम्य वाटते. आणि एका जनावराचे केस दुसऱ्याचे म्हणून खपवण्याची ही लबाडी शंभर वर्षांपूर्वी माणसांच्या जिवावर उठली होती, याचाही मला विसर पडत नाही.

छायाचित्रांबद्दलही सांगायला हवे. कारागिराने पाठवलेल्या चित्रात रिकामे, स्वच्छ भोक दिसत होते. पुढे ते चित्र मोठे करून मामांच्या मुठीशेजारी ठेवले, तेव्हा रंगातल्या लहरी जुळेनात. ओतीव कॅटालिनमधल्या लहरी प्रत्येक मुठीत वेगळ्या उमटतात, त्यामुळे ती मूठ दुसरीच होती, याबद्दल संशय उरला नाही. म्हणून मूठ पाठवण्यापूर्वी तिची चारही बाजूंनी, तळाची आणि अक्षरांची छायाचित्रे काढून ठेवावीत. कारागिराकडून भोक पूर्ण रिकामे झाल्यावरचे चित्र मागावे, ज्यात भोकात उभी केलेली मोजपट्टी आणि मुठीवरची ओळखता येणारी खूण एकत्र दिसेल. गुच्छ चिकटवण्याआधी सुटा दाखवायला सांगावे, आणि शक्य असल्यास तो आधी आपल्याकडे पाठवायला सांगावे. चांगला कारागीर गुच्छ नुसता भोकात ठेवून, खाली पुठ्ठ्याच्या चकत्या घालून उंची ठरवतो आणि ती गिऱ्हाइकाला दाखवतो. त्याला या मागणीचा राग येत नाही. काढलेला जुना ठोकळा आणि केस पाकिटात घालून परत मागवावेत. जे खरोखर काढले गेले आहे तेच परत पाठवता येते.

माझ्या तक्रारीला पहिले उत्तर आले, की ब्रश वापरला गेला आहे, त्यामुळे परतावा मिळणार नाही. ब्रश भिजवल्याशिवाय त्याचा दोष कळत नाही आणि भिजवला की तो ‘वापरलेला’ ठरतो, अशी ही सोयीची अट आहे. ती कामाच्या अटींत दिसली तर काम देऊ नये. मी पैसे ज्या सेवेमार्फत भरले होते तिच्याकडे वाद नोंदवला. केसांच्या प्रतीबद्दलचे माझे म्हणणे तिथे कोणी फारसे मनावर घेतले नाही, कारण दोन्ही बाजूंनी नुसते शब्द होते. निकाल लागला तो दोन पुराव्यांवर: मोजपट्टी शेजारी ठेवून टिपलेले जुन्या केसांच्या खुंटाचे छायाचित्र, आणि ‘जुने पूर्ण काढून देईन’ असे कारागिराने स्वतः लिहिलेला संदेश. गुच्छाचे पैसे परत मिळाले, मजुरीचे मिळाले नाहीत. मुठीवरचा मधासारखा रंग मात्र अर्ध्या भागावर उतरला आहे, कारण सांगूनही ती पॉलिश करणाऱ्या बफिंगच्या चाकावर धरली गेली होती, आणि कोरलेल्या अक्षरांतला रंगही त्यातच गेला.