जागा की प्रत्यय? तर्कभाषेचं व्याकरण रचताना

स्वतःची तर्कभाषा, म्हणजे वाक्याचा एकच अर्थ निघावा म्हणून तर्काच्या नियमांवर बेतलेली कृत्रिम भाषा, रचायला बसलात की शब्दांच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते: वाक्यात कोण काय करतंय ते ओळखायचं कशावरून? शब्दाच्या जागेवरून, की त्याला लागलेल्या प्रत्ययावरून?

जागेचा नमुना म्हणजे लोज्बान ही तर्कभाषा. जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ मध्ये तिची पूर्वज लॉगलान रचायला घेतली, पुढे भाषेच्या हक्कांवरून त्यांचं अनुयायांशी बिनसलं आणि १९८७ मध्ये लोज्बानवाले वेगळे झाले. त्यांच्या 'क्लामा'ला (जाणे) पाच घरं, म्हणजे ठरलेल्या जागा: जाणारा, कुठे, कुठून, कोणत्या वाटेने, कशाने. 'मि क्लामा ले झार्शि ले झ्दानि' म्हणजे मी घरून बाजारात जातो. ('मि' म्हणजे मी.) बाजार आणि घर यांची अदलाबदल करा, स्वारी बाजारातून घरी. नुसतं 'गाडीने जातो' म्हणायचं तर पाचव्या घराची खूण म्हणून 'फु' लावावा लागतो. म्हणजे अडलं की जागेवाल्यांनाही चिठ्ठी चिकटवावीच लागते. शिवाय तेराशेवर मूळ शब्द, आणि प्रत्येकाची घरं वेगळी पाठ करायची.

प्रत्ययाची वाट आपल्या घरचीच. 'गाडीने घरून बाजारात' कसंही फिरवा, अर्थ हलत नाही. पण एकटा 'ने' काय काय वाहतो बघा: रामाने, चाकूने, घाईने, तापाने. तर्कभाषेत प्रत्येक भूमिकेला स्वतंत्र प्रत्यय हवा. मग 'मला आंबा आवडतो' मधला 'मला' कोणत्या भूमिकेत बसवायचा, यावर वाद सुरू. लोज्बान इथे सुटते, कारण ती भूमिकांना नावंच देत नाही.

विशेषणांत मात्र प्रत्यय बाजी मारतो. 'छोट्या मुलींची शाळा' म्हटलं की मुली छोट्या, 'छोटी मुलींची शाळा' म्हटलं की शाळा छोटी. लोज्बानमध्ये 'श्मालु निख्लि श्कुले' डावीकडून जुळतं, म्हणजे मुली छोट्या. शाळा छोटी हवी तर शेवटच्या दोन शब्दांत 'बो' घालायचा. अर्थात आपल्याकडे 'छोटी'च्या जागी 'लहान' आलं की सगळं मुसळ केरात, कारण 'लहान' बदलतच नाही. तुमच्या भाषेत असा एकही अपवाद ठेवू नका. आणि शाळा मुलींसाठी आहे की मुली चालवतात, हे लोज्बानही सांगत नाही. तिची हमी फक्त वाक्यरचनेपुरती.

मी पहिली दोन घरं जागेवर सोडीन, बाकीच्यांना खुणेचे शब्द देईन. क्लामाचं चौथं घर कोणतं, हे मला अजून बोटांवर मोजावं लागतं.