दहा फुटी, आठ फुटी की पाच तुकड्यांचा? नाशिकहून समुद्र गाठणाऱ्याने रॉड घेताना

नाशिकमध्ये राहून खाऱ्या पाण्यात मासे धरायचा महागडा रॉड घ्यायचा म्हटलं की घरचे आधी आपल्याकडे बघतात, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला रोहू-कटल्यासाठी जे चालतं ते खाडीतल्या जिताड्यापुढे टिकत नाही, हे तुम्हाला कळलेलं असणारच, म्हणून तर बजेट वाढवलंय. त्यामुळे ॲक्शन आणि पॉवर म्हणजे काय, हे मी सांगत बसत नाही. गेल्या चार वर्षांत तीन तऱ्हेचे रॉड वापरले. दोन माझे, एक मित्राचा. किमती इतक्या जवळच्या की त्यावरून निवड करता येऊ नये.

पहिला दहा फुटी, मधोमध जोड असलेला. दुसरा पाच तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड. तिसरा आठ फुटी, मुठीपाशी जोड असलेला, म्हणजे खालची मूठ वेगळी आणि वरचा सगळा ब्लँक, म्हणजे मूळ कार्बनची काठी, एकसंध.

कंपन्यांच्या पत्रकात सगळ्यात मोठी अक्षरं ब्लँकसाठी राखलेली असतात. शिमानोचं स्पायरल एक्स म्हणजे कार्बनची पट्टी आतून एका दिशेने आणि बाहेरून उलट्या दिशेने तिरकी गुंडाळलेली. दायवाचं एक्स ४५ म्हणजे धागे ४५ अंशांत टाकून ब्लँकला पीळ पडू नये अशी सोय. दोन्ही खरी कामाची असावीत. पण खडकावर उभं राहून, तोंडावर वारा घेत, मला तरी दोघांतला फरक सांगता येणार नाही. ज्याला सांगता येतो त्याला नमस्कार.

गाइडकडे, म्हणजे लाइन ज्यांतून जाते त्या कड्यांकडे, मात्र नीट बघा, आणि ते नाशिककर म्हणून बघा. केळव्याचा माणूस घरी जाऊन दहा मिनिटांत रॉड नळाखाली धरतो. आपला रॉड मिठासकट पालघर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक असा दीडशे किलोमीटरचा प्रवास करतो. आपण रात्री एकला घरी पोचतो आणि सकाळी पहिली पाळी असते. रॉड धुतला जातो तो संध्याकाळी. कार्बनला काही होत नाही, पण स्टेनलेस फ्रेमच्या गाइडला पायाशी, जिथे दोरा गुंडाळून वर इपॉक्सी लावलेलं असतं, तिथे वर्षभरात तपकिरी डाग दिसायला लागतात. फूजीच्या टायटॅनियम फ्रेमचे पैसे मला आधी उधळपट्टी वाटले होते. आता वाटत नाहीत. आत सिलिकॉन कार्बाइडची रिंग असली की ब्रेडची, म्हणजे विणलेल्या लाइनची, घासही सोसते, तीही चिंता मिटते.

आता जोडाकडे येतो, कारण माझा निकाल तिथेच लागला.

मी अंबडला टूलरूममध्ये आहे. ड्रिल मशीनच्या स्पिंडलमध्ये मोर्स टेपरचं, म्हणजे निमुळत्या दांड्याचं, टूल बसवलं की ते नुसत्या घर्षणाने धरून राहतं, काढायला खाचेत ड्रिफ्ट, म्हणजे पाचर, ठोकावा लागतो. रॉडचा मधला जोडही असाच उताराचा असतो. घट्ट बसवावा तितका चांगला, हे खरं, पण रॉडला ड्रिफ्टची खाच नसते. त्या दहा फुटीचा पहिला मोठा दिवस केळव्याला होता. मार्चमधली अमावास्या, उधाण जोरात, भरती दुपारची. संध्याकाळपर्यंत टाकत राहिलो. दोन रावस आले, दोन्ही पोरसवदा, सोडून दिले. अंधार पडल्यावर रॉड सोडवायला गेलो तर जोड हलेना.

मी आणि मेहुणा दोन टोकांना. ओलं फडकं झालं, कोरडं फडकं झालं, गुडघ्यांमागे रॉड आडवा धरून गुडघे फाकवायची युक्तीही झाली. पिळून काढायचा मोह झाला आणि मेहुण्याने तो केलाच. एका गाइडच्या पायाशी इपॉक्सीला तडा गेला तेव्हा थांबलो. मग तीन मीटरचा रॉड वॅगनआरमध्ये मागच्या काचेपासून तिरका घातला आणि डाव्या खिडकीतून बाहेर काढला. मेहुणा हात बाहेर काढून ब्लँक धरून बसला. डावीकडच्या फांद्या टोकाला लागू नयेत म्हणून मी रस्त्याच्या मधोमध चालवायचो आणि समोरून ट्रक आला की थांबायचो. तोरंगण घाटात तर किती वेळा थांबलो ते मोजलं नाही. चार तासांचा रस्ता सहा तासांचा झाला. दुसऱ्या दिवशी टूलरूममधल्या दोघांनी रबरी पट्टे गुंडाळून सरळ रेषेत एकच झटका दिला आणि सुटला. आतल्या नरावर मिठाची पांढरी कडी होती आणि वाळूने ओढलेल्या तीन बारीक रेघा.

कंपनीचं नाव घेत नाही. दोष तिचा कमी आणि माझा जास्त असावा, जोडताना पुळणीवर बसून जोडला होता. नंतर मी जोडाला मेणबत्ती घासायला लागलो, दोन लिटर गोडं पाणी गाडीत ठेवायला लागलो. फरक पडला, भरपूर पडला. तरी वर्षभरात आणखी दोनदा अडकला आणि दर वेळी शेवटच्या कास्टच्या (फेकीच्या) आधीच माझं अर्धं लक्ष जोडाकडे जायला लागलं. मासा मागे येत असताना माणूस घरी कसं जायचं याचा विचार करत असेल तर त्या रॉडचं करायचं काय?

तसा तो रॉड सुंदर होता, हे नाकारत नाही. पुळणीवर लाटा फुटत असतात तिथे ती उंची कामाला येते, लाइन फेसाच्या वरून राहते. सुकतीला ओल्या वाळूवर सराव करताना मी पावलं मोजली होती. त्याच वजनाचा जिग, म्हणजे धातूचं कृत्रिम आमिष, दहा फुटीने आठ फुटीपेक्षा पंधरा-वीस पावलं पुढे पडायचा. वारा, माझा खांदा, माझी पावलं, सगळं धरून. सातपाटी-केळव्याच्या उघड्या किनाऱ्यावरच तुमचा सगळा वेळ जाणार असेल तर ही पावलं कमी नाहीत.

पाच तुकड्यांचा रॉड मी मित्राकडून दोन फेऱ्यांसाठी आणला होता. दोन-अडीच फुटांच्या पिशवीत मावतो, एसटीच्या रॅकवर बसतो, शेजारच्याला कळतही नाही. वाकतोही नीट. जोडामुळे कोपरे पडतील अशी माझी समजूत होती, ती चुकीची निघाली. पण चार जोड म्हणजे चारदा काळजी, आणि इथे ती उलटी असते: अडकण्याची नाही, सैल होण्याची. दर अर्ध्या तासाने वरपासून खालपर्यंत चाचपायचं. एकदा वरचा तुकडा थोडा फिरला आणि गाइड ओळीत राहिले नाहीत, लुअर (कृत्रिम आमिष) डावीकडे तिवरांत जाऊन बसला. सैल जोडावर जोर लावून कास्ट केला असता तर ब्लँक चिरला असता.

सध्या गाडीत असतो तो आठ फुटी. त्यावर पीई ३, म्हणजे ब्रेडच्या जाडीचा आकडा, छापलंय, ८० ग्रॅमपर्यंतचे लुअर तो कुरकुर न करता फेकतो. जोड मुठीत. माझ्याकडच्या रॉडमध्ये ती सरळ नळी आहे, उतार नाही, वरून आट्यांची चकती फिरवून आवळायची. पाचर बसतच नाही, त्यामुळे अडकण्याचा प्रश्न आजवर आला नाही. आट्यांत वाळू गेली की कचकच आवाज येतो, बाटलीतलं पाणी ओतलं की जातो. वरचा ब्लँक अखंड असल्यामुळे जिताडा मुळांकडे वळला की हाताला आधी कळतं, असं मला वाटतं. प्रेमात पडलेल्या माणसाचं मत म्हणून थोडं कमी करून घ्या. दातिवऱ्याच्या खाडीत तिवरांच्या कडेने, मागे फांद्या असताना, आठ फुटांपेक्षा लांब काठी फिरवायलाही जागा नसते.

त्याचीही कटकट आहे. मोठा तुकडा सव्वासहा फुटांचा. कुरिअरवाले लांबीचे जादा पैसे लावतात, एसटीत नेणं अशक्य, आणि नाशिकमध्ये हातात घेऊन बघायला मला तरी मिळाला नाही, डोळे मिटून मागवावा लागला. गाडीत तो मागच्या दारापासून दोन सीटांच्या मधून डॅशबोर्डपर्यंत येतो. टोकावर मी जुना मोजा चढवतो. बायको म्हणते, गिअर बदलताना मोजा हाताला लागतो.

चारचाकी असेल आणि खाडी जास्त, पुळण कमी असं असेल तर मी मुठीच्या जोडाकडे बोट दाखवीन. दहा फुटीच घ्यायचा असेल तर मेणबत्ती आत्ताच पिशवीत टाका आणि जोड गाडीपाशीच लावा, वाळूत नको.

मेहुणा पाच तुकड्यांचाच घेणार म्हणतो. त्याच्याकडे स्कूटर आहे, आणि त्या रात्रीपासून तो माझ्या गाडीत डावीकडे बसायला तयार नाही.